लीलाबाई यांची मान्यता बाकी आहे

लोणावळा,
गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप लीलाआत्या यांस,

गोरखचा दोन्ही हात जोडून आणि (समोर असतो तर) पायांवर डोके ठेवून नमस्कार. तोंडाने मी तुम्हाला 'तू' म्हणतो हे मला ठाऊक आहे. परंतु वडीलधाऱ्यांना पत्रात 'तुम्ही' लिहावे असे शाळेत शिकवले होते, आणि शाळेतल्या ज्या थोड्या गोष्टी मी शेवटपर्यंत शिकलो त्यांतली ही एक आहे. तेव्हा राग धरू नये. म्हणजे याबद्दलचा राग धरू नये. दुसरा जो धरला आहे त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधत असाल तर फार आवळून बांधू नये. इंद्रायणी भाताची झोडणी कुठवर आली? बजरंग दूधवाला (तिकोणा पेठेतून दुधिवऱ्याच्या खिंडीने रोज लोणावळ्याला येणारा, तुमच्या शेजारचाच बजरंग, तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण पत्र पूर्ण असावे) म्हणाला की तुम्ही एकट्या दोन बायांइतके भात झोडता आणि झोडताना कुणाचे तरी नाव घेता. कुणाचे, ते मी विचारले नाही. तो असेही म्हणाला की तुम्ही फोन बंद करून कणगीत टाकला आहे. "आन् वर दोन पोती भात वतलाय," हेही त्याने सांगितले. म्हणून हे पत्र. बजरंगला ते उघडू नकोस म्हणून बजावले आहे, तरी पाकिटाची कड ओली दिसल्यास कळवावे.

हे पत्र केवळ खुशाली विचारण्यासाठी आहे, त्यात दुसरा हेतू नाही. तरीही परिस्थिती तुमच्या कानावर असावी. परवा शनिवारी, २९ तारखेला, माझ्या नव्या नोकरीचे तीन महिने पुरे होतात. त्या दिवशी माधवराव शेठ 'आमच्या चिक्कीच्या कारखान्यात नवे सॉफ्टवेअर सुरळीत चालू झाले' अशा कागदावर सही करतील किंवा करणार नाहीत. केली तर मी कायम होईन. नाही केली तर घरी येईन, आणि आमचे आबा सगळ्या पेठेला 'पोरगं सॉफ्टवेअरमध्ये हाय' असे सांगून बसले आहेत, त्यांना गावात तोंड लपवायला आता फक्त किल्ला उरेल. सॉफ्टवेअर तर चालू होत नाही, कारण गेले नऊ दिवस त्याच्या पडद्यावर एकच वाक्य उभे आहे. ते असे : 'लीलाबाई यांची मान्यता बाकी आहे.'

तुम्ही यावे असे मी म्हणत नाही. फक्त वाक्य जसेच्या तसे कळवले.

आत्या, यातले अर्धे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उरलेले अर्धे मी लाजेने सांगितले नव्हते, ते आता सांगतो, कारण मला स्वतःलाच अजून त्याचा धक्का पचलेला नाही. ऑगस्टमध्ये तळेगावचे अर्णव सर (माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, बुटांमुळे जास्त वाटतात) शेठना सॉफ्टवेअर दाखवायला आले, तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलावर लेबले चिकटवत होतो. शेठनी आत चिक्कीची बशी मागवली म्हणून ती घेऊन गेलो. भिंतीवर चित्र पाडले होते, त्यावर मोठ्या अक्षरांत 'तुमचा चिक्की उद्योग, उद्याचा' असे लिहिलेले, आणि खाली फोटो सोनपापडीचा. मला चुकीचे काही दिसले की ते बोलून टाकल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "साहेब, ही सोनपापडी आहे." तोवर पंख्याकडे बघत बसलेल्या शेठनी पहिल्यांदा भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "व्हय की." माझी नोकरी गेली असे मी धरून चाललो. बाहेर आलो तर अर्णव सर मागोमाग आले आणि माझा फोन नंबर मागू लागले. त्यांच्या मते माझ्याकडे 'क्षेत्राचे ज्ञान' होते. मी त्यांना सांगितले की ते लोणावळ्यात कोणत्याही कुत्र्याला असते. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

मुलाखत तळेगावला दातांच्या दवाखान्यावरच्या माळ्यावर झाली (मधूनमधून खालून कोणीतरी कण्हत असे, त्याने मला धीर आला). तिघे जण समोर बसले होते. शिक्षण विचारले, बी.ए.चे दुसरे वर्ष, तेही अर्धे, असे सांगितले. अनुभव विचारला, वडगावला तहसील कचेरीबाहेर तीन महिने लोकांचे अर्ज लिहून दिले, नंतर दोन वर्षे लेबले लावली, असे सांगितले. सॉफ्टवेअर किती येते म्हणून विचारले. मी म्हणालो, काहीच येत नाही. आता उठा म्हणतील म्हणून मी उठूनही उभा राहिलो. तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मधला म्हणाला, "प्रामाणिक वाटतो. ग्राहकाला असाच माणूस लागतो." आत्या, मी घरी येऊन तुम्हाला 'मुलाखत चांगली झाली' एवढेच सांगितले होते. ती चांगली झाली नव्हती. ती फक्त झाली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात माझ्या नावाची शंभर कार्डे ठेवली. त्यांवर 'वरिष्ठ सल्लागार' असे छापले होते. मला बसायला खुर्ची मिळायच्या आधी मी वरिष्ठ झालो होतो. छापखान्याची चूक असेल म्हणून मी ती परत द्यायला गेलो, तर कळले की कंपनीत सगळेच वरिष्ठ आहेत. कनिष्ठ कोण, असे मी विचारले. ते म्हणाले, कनिष्ठ कोणी ठेवत नाही, कनिष्ठ म्हटले की ग्राहक फोन उचलत नाही. मग दोन दिवस प्रशिक्षण झाले. त्यात सॉफ्टवेअर पाऊण दिवस होते. उरलेल्या वेळात काय बोलायचे ते शिकवले. ग्राहकाने अडचण सांगितली तर 'हे पुढच्या टप्प्यात घेऊ' असे म्हणायचे. पुढचा टप्पा कधी असतो ते मी विचारले. अर्णव सर म्हणाले, "हे पुढच्या टप्प्यात घेऊ." तेव्हा ते उदाहरण देत आहेत की उत्तर, हे मला अजून उलगडलेले नाही.

आणि तिसऱ्या दिवशी मला तज्ज्ञ म्हणून पाठवले ते आपल्याच कारखान्यात. ज्या दारातून शनिवारी मी लेबलाच्या खळीने चिकटलेल्या बोटांनी बाहेर पडलो होतो, त्याच दारातून पुढच्या शुक्रवारी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून आत गेलो. शेठ उठून उभे राहिले. माझ्यासाठी. दोन वर्षांत मी त्यांना फक्त लक्ष्मीपूजनाला उभे राहिलेले पाहिले होते. "या, बसा सर," म्हणाले, आणि मी बसलो तो खुर्चीच्या एवढ्या कडेला की अर्णव सरांनी मागून हात लावला. कारखाना कसा चालवावा हे मी शेठना सांगायचे होते, आणि ते वहीपेन्सिल घेऊन बसले होते. शेठ वयाच्या अठराव्या वर्षापासून हा कारखाना चालवतात. भट्टीजवळून जाताना जानूमामांनी (भट्टी पेटवणारे आपले जानूमामा) हाक मारली, "आरं गोरख्या, सायब झालास म्हनं. मंग लेबलं कोन लावनार?" मी पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणालो. तेव्हा तुम्ही हसला होता. ते मला आठवते, कारण त्यानंतर तुम्ही हसलेल्या मला आठवत नाही.

आता माझी चूक लिहितो. पहिली चूक, दुसरी तुम्हाला माहीत आहे. अर्णव सर म्हणाले, गोरख, कारखान्यात काम जसे आहे तसे लिहून काढ, एकही पायरी सोडू नकोस. आत्या, मला 'एकही सोडू नकोस' असे कोणी सांगू नये. मी सप्टेंबरभर भट्टीपाशी स्टूल टाकून बसलो आणि जे दिसले ते लिहिले. एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या झाल्या. एकेचाळिसावी पायरी अशी होती की जानूमामा भट्टी पेटवण्यापूर्वी चार मिनिटे तंबाखू मळतात. अठ्ठावन्नावी, की मंगळवारी व शुक्रवारी पहिल्या भट्टीआधी नारळ फुटतो. त्रेसष्टावी, की लीलाबाई उलथन्यावरून पाकाचा थेंब पितळी वाटीतल्या गार पाण्यात सोडतात, दाताखाली धरतात आणि 'हां' म्हणतात किंवा तोंड फिरवतात. 'तोंड फिरवल्यास कोणीही काही बोलत नाही,' असेही मी कंसात नोंदवले. अक्षर फार स्वच्छ आले होते. अर्णव सरांनी ते बाड हातात घेऊन वजन पाहिले, "जबरदस्त" म्हणाले, आणि न वाचता पुढे पाठवून दिले. पुण्यात ज्या मुलांनी सॉफ्टवेअर बांधले त्यांनी आयुष्यात गुळाचा पाक पाहिलेला नव्हता. त्यांना एकशे सत्त्याऐंशी ओळी मिळाल्या, त्यांनी एकशे सत्त्याऐंशी चौकटी केल्या, आणि प्रत्येक चौकट भरल्याखेरीज पुढची उघडणार नाही अशी सोय केली.

त्याचे परिणाम तुम्ही गेल्यावर पूर्ण दिसले. जानूमामांनी दसऱ्याला तंबाखू सोडली (हे चांगले झाले), पण यंत्र भट्टीआधी चार मिनिटे पुढे सरकतच नाही, म्हणून ते आता तेवढा वेळ रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत बसतात. नारळाच्या पायरीतून 'मंगळवारी व शुक्रवारी' हे शब्द कुठे गळाले कोण जाणे. प्रत्येक भट्टीआधी पडदा विचारतो, नारळ फोडला का. खोटी खूण करायला जानूमामा तयार नाहीत. "द्येवाचं काम हाय, तितं खोटं न्हाई चालत," म्हणाले. अडलेली भट्टी आम्ही दर वेळी पहिल्या पायरीपासून पुन्हा नोंदवून पाहतो, त्यामुळे दिवसाला अकरा नारळ फुटतात. कारखान्यात सगळ्यांच्या डब्यात खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याची आमटी आणि खोबरे घातलेली भाजी असते. अर्णव सरांना खोकला झाला आहे.

पण हे सगळे चालले असते. मुख्य गोष्ट मंगळवारची, १८ तारखेची. ती तुम्हाला परत सांगणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे आहे, परंतु ती मी कशी पाहिली हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. चाचणीचा पहिला दिवस. पाक झाला, तुम्ही थेंब वाटीत सोडला, दाताखाली धरला आणि 'हां' म्हणालात. मी पडद्यावर 'हां' नोंदवले. तेव्हा एक नवीन खिडकी उघडली, जी मी लिहिलेल्या एकशे सत्त्याऐंशींत नव्हती : 'मान्यतेचे कारण निवडा.' खाली चार पर्याय. तापमान, रंग, वास, इतर. अर्णव सर तुमच्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "मावशी, कारण काय टाकू?"

तुम्ही म्हणालात, "कसलं कारन?"

"म्हणजे पाक झाला असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"पाक झालाय म्हनून म्हनती."

"हो, पण का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. आत्या, मला कळत होते की आता भाच्याने काहीतरी बोलायचे असते. मी बोललोही. मी म्हणालो, "आत्या, 'इतर' निवड."

तुम्ही उलथने जानूमामांच्या हातात दिलेत, वाटीतले पाणी मोरीत ओतलेत, पदराला हात पुसलेत आणि डबा घेतलात. "इतक्या वर्सांत मालकानं न्हाई इचारलं कारन," एवढेच म्हणालात, आणि तेही मला नव्हे, भट्टीला. दारातून मागे वळून पाहाल असे वाटले होते. पाहिले नाहीत. अर्णव सरांनी मला हळूच विचारले की मावशी जेवायला गेल्या का. मी हो म्हणालो. हे मी खोटे बोललो, त्याचीही नोंद असावी.

संध्याकाळपर्यंत तुम्ही आला नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि यंत्राला तर तुमच्याखेरीज कोणाचे काही चालेना. ते तुमचे 'हां' तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवून पक्के करते (ही माझीच शिफारस, कोणी तुमच्या नावाने परस्पर करू नये म्हणून). ते आकडे गेले नऊ दिवस इंद्रायणी भाताखाली येऊन पडत असणार. शेठ म्हणाले, हॅट, मी मालक आहे, माझी मान्यता घ्या. त्यांनी स्वतः बटण दाबले. पडद्यावर आले : 'आपणांस हा अधिकार नाही.' शेठनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले. मग माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात 'सर' नव्हते. मी म्हणालो, लीलाबाईंचे नाव काढून शेठचे घालू. अर्णव सरांनी तसे केले, तर यंत्र म्हणाले, या बदलासाठी लीलाबाई यांची मान्यता आवश्यक आहे. आत्या, तुम्हाला काढायचे तर तुम्हीच 'हां' म्हणायला हवे. अशी पक्की नोकरी मी सरकारातही ऐकलेली नाही.

मान्यतेखेरीज यंत्र नव्या मालाचे बिल काढत नाही, मग जुन्या पद्धतीने बिले फाडून माल सोडू, असे शेठ म्हणाले. पण जुनी बिलबुके राहिली नव्हती. दिवाळीत शेठनी चोपडीऐवजी संगणकाची पूजा केली होती (कळफलकात कुंकू गेले ते 'क' हे अक्षर अजून अडकते) आणि आता जुने नको म्हणून बिलबुके जानूमामांना भट्टीत घालायला दिली होती. तुमच्या मान्यतेचा माल होता तेवढा गेला, आणि आता माल नेणाऱ्या विक्कीचा टेम्पो फाटकात रिकामा उभा आहे. विक्की दर तासाला येऊन विचारतो, "लीलामावशी हां म्हणाल्या का?" जणू त्याच्याच लग्नाचे ठरवायचे आहे. भुशी धरणावर फिरून आलेली माणसे दुकानात येतात आणि रिकाम्या काचांचे फोटो काढतात.

अर्णव सरांनी उपाय म्हणून तापमापक आणला. चांगला, लांब दांडीचा. पुस्तकात पाहून पाक बरोबर त्या अंशाला उतरवला. पहिल्या भट्टीची चिक्की पोळीसारखी दुमडली. दुसऱ्या भट्टीला दोन अंश वाढवले, तर विक्कीची दाढ हलली. तिसरी रंगाला सुरेख आली, तिचा फोटोही काढला. मग शेठनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि कोणाकडे न बघता तोंड फिरवले. कोणीही काही बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "यंत्रानं उद्या हां म्हटलं तरी हा माल माझ्या नावानं बाहेर जायचा न्हाई." त्या वेळी मला माझ्या नोकरीची काळजी वाटायला हवी होती. मला वेगळेच वाटले. मी दोन वर्षे तुमच्यापासून पंधरा पावलांवर लेबले लावली आणि 'उत्कृष्ट दर्जा' हे शब्द दिवसाला हजार वेळा चिकटवले. तो दर्जा कुठून येतो हे बघायला मी मान वळवली नव्हती.

काल दुपारी मी अर्णव सरांना धीर करून विचारले, सर, सॉफ्टवेअर तयार झाले हे आपण शेठना सांगतो ते कशावरून? ते म्हणाले, सगळे तपासून. मी म्हणालो, तपासून झाले हे कशावरून? ते म्हणाले, "अनुभवानं कळतं रे. वाटतं, की आता झालं." मी त्यांच्यासमोर त्या चार पर्यायांची खिडकी उघडून धरली. त्यांनी ती वाचली, खोकले, आणि म्हणाले, "मावशींचा पत्ता काय?" तो मी दिलेला नाही. ते बुटांनी खाचरात उतरतील आणि तुम्ही झोडणीला बडवणे हातात घेऊन उभ्या असाल, हे चित्र मला बरे वाटले नाही.

आत्या, चूक माझी आहे. मी 'इतर' म्हणायला नको होते. मी म्हणायला हवे होते की सर, हा प्रश्न विचारायचा नसतो. हे वाक्य मला त्या दिवशी सुचले नाही, रात्री पाठ टेकल्यावर सुचले, आणि तेव्हापासून रोज सुचते. त्याचा उपयोग होत नाही, तरी लिहून कळवावे असे वाटले.

गुडघ्याला जपावे. आबांना यातले काही सांगू नये, त्यांना शनिवारनंतर एकदमच सांगू. पत्रात शुद्धलेखनाची चूक नाही, तीनदा तपासले आहे. बाकीच्या चुका आहेत त्या वर आल्याच आहेत. त्यांना पोटात जागा द्यावी ही प्रार्थना.

तुमचा भाचा,
गोरख
(वरिष्ठ सल्लागार. हे सवयीने लिहिले गेले, खोडल्यास कागद घाण दिसेल म्हणून ठेवले आहे.)

ता. क. : बजरंगची गाडी शनिवारी पहाटे साडेपाचला पेठेतून निघते. पुढे ड्रायव्हरशेजारी एका माणसाची जागा असते आणि ती त्या दिवशी रिकामी आहे असे त्याने आपण होऊन सांगितले. मी विचारले नव्हते. म्हणजे एकदाच विचारले.

दुसरा ता. क. : कारणाची खिडकी काढून टाकली. आज सकाळी शेठ खुर्चीतून उठले, पुण्याच्या मुलांना स्वतः फोन लावला आणि म्हणाले, बाई हां म्हणतील किंवा न्हाई म्हणतील, पुढं एक अक्षर इचारायचं न्हाई. आता तिथे फक्त दोन बटणे आहेत. एकावर 'हां' आहे. दुसऱ्यावर 'तोंड फिरवले' आहे.

तिसरा ता. क. : खरे तर पत्र लिहायला बसलो ते हे सांगण्यासाठी, पण वर कुठे बसवावे ते कळेना. तुम्ही शनिवारी आला नाहीत तरी चालणार आहे. माझी नोकरी वाचली. त्याचीच मला भीती वाटते आहे.

झाले असे की यंत्रातून तुमचे नाव काढता येत नाही, पण खाली दुसरे जोडता येते, हे अर्णव सरांना काल संध्याकाळी सापडले. मुख्य व्यक्ती रजेवर असेल तर 'पर्यायी मान्यता'. कोणाचे नाव घालायचे म्हणून सगळ्यांना विचारले. जानूमामा म्हणाले, "लीलाबाईच्या खाली माजं नाव? मला पेठेवरनं जावं लागतं, बाबा." बाकीच्या बायकांनी तर हात पदराखाली घेतले. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि घाबरलो की मी लिहितो, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. मी माझे नाव लिहिले. पुढचा रकाना होता, पाकाचा अनुभव, वर्षे. खरे ते लिहावे म्हणून शून्य लिहिले. यंत्राने ते घेतले नाही. शून्य चालत नाही म्हणाले. अर्णव सर म्हणाले, वरच्या ओळीतला (म्हणजे तुमचा) आकडा धरून खाली ओढ, नंतर बदलू. मी ओढला. मग पक्के करण्याचे बटण दाबले गेले आणि आता ते बदलत नाही. तेव्हा यंत्राच्या नोंदीप्रमाणे मी चोवीस वर्षांचा आहे आणि मला भट्टीचा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

मला वाटले शेठ तरी अडवतील. शेठनी ते पाहिले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, लीलाबाईचा भाचा हाय, पाक रक्तातच आसनार. शनिवारी ते सही करणार आहेत. सोमवारी सकाळी जानूमामा पितळी वाटी माझ्यासमोर धरतील, मी काहीही म्हणालो तरी यंत्र ते खरे मानेल, आणि विक्की टेम्पो सुरू करील. या सगळ्यात मला अडवणारे कोणी उरलेले नाही, आत्या, एक तुम्ही सोडून.

मला पाक शिकवा. येणार नसाल तर मी रविवारी पहाटे पेठेला येतो. गूळ आणि कढई बरोबर आणतो, दिवसभर भात झोडतो, तुम्ही सांगाल तेव्हा चूल पेटवतो. एकतीस वर्षांपैकी पहिला दिवस त्या रविवारपासून धरावा, एवढीच विनंती आहे.